अक्का आणि पुढची काच

“काच बदलायचं मागनं बघू. आदी गाडीत बसा तुमी.”

पुढच्या काचेतून नीट दिसत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आमच्या सोलापूरच्या वर्कशॉपला आलं, की महादेवी अक्कांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. मग येणारा नवी पेठेतला सराफ असो, नाहीतर करमाळ्याचा केळीवाला बागाईतदार. त्याला त्याच्याच गाडीत स्टिअरिंगमागं बसवायचं, आपण डाव्या बाजूच्या सीटवर चढून बसायचं आणि उलटतपासणी सुरू करायची. सकाळी दिसत न्हाय का संध्याकाळी? उन्हाकडं तोंड असलं की का पाठ असली की? आतनं पुसता का भाईरनं? कशानं पुसता? आणि मागच्या सीटवर गिऱ्हाइकाची बायको असली, तर सगळ्यात शेवटचा प्रश्न तिला. “काय हो वैनी, तुमाला काय वाटतंय?” बायको हमखास खरं बोलायची. “काचेला काय धाड भरलीय? हे चष्मा घरी ठेवून गाडी चालवतेत.” मग गिऱ्हाईक बायकोकडं वळून बघायचं आणि अक्का खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसायच्या.

मी शेजारच्या खिडकीत, सुट्या भागांच्या काउंटरला. बसल्या जागेवरून मला हे सगळं नाटक फुकट बघायला मिळायचं. अक्का होत्या तक्रारी लिहून घ्यायला. पण नुसतं लिहून घेणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

अक्कांची उंची बेताची होती असं म्हणणं म्हणजे सभ्यपणा झाला. वर्कशॉपचा काउंटर ज्यानं बांधला त्याच्या डोळ्यांपुढं अक्का नक्कीच नव्हत्या. नवखा माणूस आत आला, की त्याला काउंटरच्या वर फक्त विभूतीचे तीन पट्टे आणि त्याखाली कुंकू दिसायचं. तो आपला इकडं तिकडं बघत “कोणी आहे का?” म्हणायचा. “हाय की. खाली बगा,” असा खणखणीत आवाज यायचा. यात त्यांना कमीपणा वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. मूर्ती लहान म्हणून कोणी थट्टा केली, तर “कीर्तीचं बी बोला की मंग” म्हणून पुढचं वाक्य स्वतःच पुरं करायच्या.

आणि स्वतःच्या हुशारीबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. “मला कळत न्हाय असं काय हाय?” हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच. चुकल्या तरी आवाज तोच. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडं काचेच्या तक्रारींची रांग लागते. खंडेनवमीला घरोघरी गाडी पुजतात. तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक थेट पुढच्या काचेवर, त्याच्यावर नारळाचं पाणी, हळद, फुलं. दुसऱ्या दिवशी वायपर फिरवला की हा सगळा प्रसाद काचभर पसरतो आणि ऊन समोर आलं की रस्ता दिसेनासा होतो. एका वर्षी अक्का वैतागल्या आणि येईल त्याला सांगायला लागल्या, “देवाला बॉनेट चालत न्हाय का हो? तितं करा की पूजा.” पुढच्या दसऱ्यानंतर नवी पेठेतला एक सराफ पुन्हा हजर. “अक्का, तुमचं ऐकून बॉनेटवर केली. रंगाला डाग पडला की वो.” अक्कांनी डाग बघितला, बोटानं खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, “कुंकू लई घट्ट कालवलं तुमी.” चूक पुन्हा गिऱ्हाइकाचीच!

पण त्यांची खरी गंमत झाली ती नरसय्या शेठच्या वेळी. शेठचा टॉवेलचा कारखाना. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि भांडायला मराठी. त्यांची गाडी नवी कोरी, आणि तक्रार अशी की काचेवर कायम धुरकट पापुद्रा दिसतो. अक्कांनी ठामपणे सांगितलं, वायपर. वायपर बदलले. शेठ पुन्हा आले. अक्कांनी तितक्याच ठामपणे सांगितलं, काच धुवायचं पाणी. टाकी उपसून पाणी बदललं. शेठ तिसऱ्यांदा आले ते तापूनच. काच बदलून द्या नाहीतर गाडी परत घ्या म्हणाले. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले.

तेवढ्यात शेठनी, बोलता बोलता, सवयीनं डिकी उघडली. आतून घडी न मोडलेला एक टॉवेल काढला आणि काच पुसायला लागले.

“थांबा थांबा शेठ. ह्यो टॉवेल कुटला?”

“हमारा. कालच मागावरून उतरला. मी रोज नवीन घेतो,” शेठ छाती काढून म्हणाले. “जुन्या फडक्यानं गाडी पुसायला मी काय भिकारी आहे?”

अक्कांनी टॉवेल हातात घेतला, चुरगळला, नाकाला लावला. न धुतलेल्या सुताची खळ, विणण्याआधी लावतात ती. ओल्या काचेवर रोज ताजी खळ घासली जात होती, आणि वाळून तिचाच पापुद्रा धरत होता. हे अक्कांनी सांगितलं तेव्हा शेठना खळीचं काहीच वाटलं नाही, टॉवेलला नाव ठेवल्याचा मात्र भयंकर राग आला. “आमचा टॉवेल परदेशात जातो,” ते म्हणाले. “तितली मानसं धुऊन वापरत आसतील,” अक्का म्हणाल्या. मॅनेजर हसू दाबत केबिनमध्ये पळाले. आठवड्यानं शेठकडून एक गठ्ठा आला. सगळे टॉवेल धुऊन, वाळवून, इस्त्री करून. त्यातला एक अजून माझ्या घरी आहे. अक्का मात्र पुढं कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होत्या, “मला पयल्यापासनंच डाऊट होता.”

एवढं सगळं गाड्यांचं कळणाऱ्या अक्कांना गाडी मात्र चालवता येत नव्हती. कोणी आश्चर्य दाखवलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं, “सुईण काय परत्येक येळंला सोता बाळंत होती का?” लोक हसायचे, विषय मिटायचा. तो त्यांच्या मनात मिटलेला नव्हता हे मला एका दुपारी कळलं. आम्ही डबे उघडून बसलो होतो. त्यांची कडक भाकरी, माझ्या घरची शेंगाची चटणी. आणि अचानक त्या वडिलांचं बोलायला लागल्या.

त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, बोरी नदीच्या काठचं एक खेडं. एसटी फाट्याला सोडते, तीही दिवसाच. वडिलांचं कमी-जास्त आहे असा फोन आला तेव्हा संध्याकाळ झालेली. नवरा साधी स्कूटरही न चालवणारा, सायकलीवर समाधानी माणूस. गाडी होती भावाकडं, सोलापुरातच. भाऊ वाईट नव्हता. त्याचं हार्डवेअरचं दुकान, ट्रक यायचा होता. म्हणाला, मोकळा झालो की निघू. मग म्हणाला, आता पहाटेच निघू.

“मी पिशवी भरून भाईरच्या पायरीवर बसले. हॉर्न वाजला की पळायचं म्हनून. सकाळी भाऊ आला, आन त्याच्या मोबाईलवर फोन आला. आप्पा गेल्ते.” अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. “शेवटाला माजं नाव घेत हुते म्हनं. आता अव्वा हाय, आमची आई, एकलीच. तिच्या येळंला मी कुनाच्या गाडीची वाट बगत पायरीवर बसनार न्हाय.”

डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मी चटणीचा डबा त्यांच्याकडं सरकवला.

हे बोलून बरीच वर्षं गेली. दरवर्षी त्या शिकायचं म्हणायच्या आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी मुलीचं लग्न, कधी बाळंतपण, कधी गुडघा. खरं कारण होतं भीती. दुसऱ्याच्या गाडीतलं सगळं दिसायचं, पण स्वतः स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की घाम फुटायचा. ही भीती घालवली ती मोहोळच्या एका आजोबांनी.

आजोबांची तक्रार, काच धुरकट. काच साफ केली, पॉलिश केली, तरी धुरकटच. वर्कशॉपसमोरच्या भिंतीवर खताची जाहिरात रंगवलेली आहे. अक्का गिऱ्हाइकाला गाडीत बसवून ती वाचायला लावायच्या, मग खाली उतरवून पुन्हा वाचायला लावायच्या. आजोबांना ती गाडीतूनही वाचता येईना आणि खाली उतरूनही. डोळ्यात मोतीबिंदू आहे हे मलासुद्धा कळलं, पण सांगणार कोण? आजोबांच्या मिशा बघूनच आमचे निम्मे लोक मागं सरकले होते. अक्का पुढं झाल्या. “काका, आमच्याकडची काच आमी लख्ख केली. आता तुमच्याकडच्या दोन काचा राहिल्या. त्या आमच्याकडं होत न्हाईत. डॉक्टरकडं होत्यात.”

आजोबा पेटले. “मी चाळीस वर्सं गाडी चालवतोय, मला शिकवती व्हय!” म्हणत निघून गेले. जाताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली, ते वेगळंच.

दोनेक महिन्यांनी आजोबा परत आले, हातात पेढ्यांचा पुडा. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सगळ्यांना पेढा दिला, अक्कांना दोन दिले, भिंतीवरची जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली. आणि मग आवाज चढवला. “पर ही काय गाडी म्हनायची का? सगळीकडं वरखडे! हितं पोचा, तितं रंग उडालेला. तुमी लोकांनी काय केलं गाडीला?” अक्का हसता हसता काउंटरमागं बसल्या, म्हणजे दिसेनाशाच झाल्या. आजोबा सगळे वरखडे मोजून, रंगाचं काम सांगून, झोकात गाडी वळवून गेले.

अक्का बराच वेळ फाटकाकडं बघत होत्या. “ह्या वयात डोळं नवीन करून आनलं मानसानं,” त्या मला म्हणाल्या. “आन मी गुडघ्याचं कारन सांगत बसलेय.”

महिन्याभरात त्यांनी जुनी, छोटी, लाल रंगाची गाडी घेतली. आमच्याकडंच सर्व्हिसिंगला यायची, त्यामुळं तिची कुंडली माहीत होती. शिकवायला हमीदचाचा, आमचे जुने मेकॅनिक. वर्कशॉपमागच्या मोकळ्या मैदानात संध्याकाळी शिकवणी चालायची, आणि आम्ही घरी जायचं सोडून भिंतीवर बसून बघायचो. लांबून ते दृश्य भीतिदायक होतं. गाडी चालतेय, डावीकडं हमीदचाचांची दाढी दिसतेय आणि उजवीकडं कोणीच नाही!

“अक्का, डरो नक्को. सामने देखो.”

“चाचा, सामने आभाळ दिसतंय नुसतं. रस्ता कुटं हाय?”

उंचीचा विचार ना अक्कांनी केला होता ना आम्ही. जगाला दिसतंय का विचारणाऱ्या बाईला स्वतःलाच दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मग चादरींच्या घड्या आल्या. चार घड्यांवर बसल्या तर रस्ता दिसला, पण पाय क्लचपर्यंत पोचेना. घड्या कमी केल्या तर पाय पोचला, रस्ता गेला. दोन संध्याकाळी हा झगडा चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीच्या जागी न बसता काउंटरच्या पुढच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “हिकडं या. माजी तक्रार लिवून घ्या.”

“काय तक्रार?”

“पुढचं दिसत न्हाय.”

मला मौका मिळाला होता, मी कसा सोडणार? “सकाळी दिसत नाही का संध्याकाळी?” मी विचारलं. “आतून पुसता का बाहेरून?” सगळं वर्कशॉप हसलं, अक्काही हसल्या, पण मग म्हणाल्या, “चेष्टा ऱ्हाऊ द्या. मला खरंच दिसाया पायजे हो.” हमीदचाचांनी त्याच दिवशी सीट उचकटली. खाली लोखंडी पट्ट्या टाकून सीट वर आणि पुढं घेतली, पेडलांवर लाकडी ठोकळे आवळून बसवले. अक्का बसल्या, मान ताठ केली आणि म्हणाल्या, “नोडरी! बगा, बॉनेट दिसलं की.” आणि लहान पोरीसारखा हॉर्न वाजवला.

लायसन्स मिळालं. पण गाडी घर ते वर्कशॉप, वर्कशॉप ते घर. हायवेला न्यायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, “जाऊ की. गडबड काय?”

मग एका थंडीतल्या सकाळी, आम्ही नुकतेच येऊन शटर वर करत होतो, त्यांच्या मोबाईलवर भावाचा फोन आला. अव्वा न्हाणीत घसरून पडली, हात सुजलाय, शेजारणीनं कळवलंय. “दुपारपर्यंत मोकळा होतो, मग जाऊ,” भाऊ म्हणत होता. फोनवर त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. अक्कांनी फोन बंद केला. पर्समधून किल्ली काढली. हमीदचाचा म्हणाले, “मैं आता हूं साथ में.” अक्का म्हणाल्या, “नक्को चाचा. तुमी आला तर मी तुमालाच बगत बसंन.” आणि गेल्या.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कोणाचं कामात लक्ष नव्हतं. मी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे फिल्टर दिले. फोन करावा तर चालवताना कशाला, म्हणून तेही नाही.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं ते असं. अक्कलकोटपर्यंत देवाचं नाव घेत गेल्या. पुढं नदीजवळ धुकं. आणि बघता बघता पुढची काच आतून पांढरी झाली. काही म्हणता काही दिसेना. “मी पदरानं पुसतेय, परत पांडरं. पुसतेय, परत पांडरं. रडूच आलं मला. आप्पांच्या येळंला पायरीवर बसले, आन आता ह्या धुक्यात बसते का काय.” त्यांनी कशीबशी गाडी कडेला लावली. आणि मग, म्हणाल्या, सवयीनं स्वतःलाच विचारलं, “काय हो बाई, आतनं का भाईरनं?” आतनं. मग थंडीत एसी लावायचा, वारा काचेवर सोडायचा. शेकडो लोकांना त्यांनी हेच सांगितलं होतं. कुडकुडत एसी लावला. काच खालून हळूहळू स्वच्छ होत वर गेली, आणि रस्ता दिसला. “तवा मी जोरात ओरडले. शेतातली मानसं बगाय लागली.”

दुपारी, भाऊ मोकळा होण्याच्या आत, त्यांचा सोलापूरच्या दवाखान्यातून फोन आला. अव्वाचं मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर झालं, बाकी सगळं ठीक. आम्ही शिपायाला पाठवून भजी आणली. नक्की कशाबद्दल ते कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. आता त्या काउंटरला एक तरतरीत मुलगा आहे. तो तक्रार मुकाट्यानं कॉम्प्युटरवर चढवतो आणि गाडी आत पाठवतो. कामं लवकर होतात. मला करमत नाही, एवढंच.

परवा एका रविवारी मी बायकोला घेऊन मोटारसायकलवर अक्कलकोटला निघालो होतो. कुंभारीच्या पुढं समोरून ती लाल गाडी आली. मी हात केला. गाडी कडेला थांबली. स्टिअरिंगच्या वर विभूतीचे तीन पट्टे, आणि शेजारच्या सीटवर, त्याहूनही खाली, आणखी तीन. अव्वा. हाडं वर आलेली, पांढऱ्याशुभ्र केसांची, दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून पुढं झुकलेली. हात कधीचाच बरा झाला होता.

“कुठं निघालात?” मी विचारलं.

“कुटं न्हाय,” अक्का म्हणाल्या. “हिला रविवारी फिरवावं लागतंय. बसली की उतरतच न्हाय.”

मी म्हटलं, “काय अव्वा, आवडतं का गाडीत?” अव्वा मराठी बोलायची, पण कानडी चालीवर, एकेक शब्द ओढत. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही, तिची नजर रस्त्यावरच.

“बैलगाडीत मागं बसले,” ती म्हणाली. “टमटममदी मागं. टॅक्टरच्या टॉलीत मागं. पोराच्या गाडीत बी मागं. आख्खा जलम मला रस्ता मागं जातानाच दिसला बग. येताना कसा दिसतंय, ते आता बगायलेय.”

अक्कांनी माझ्या बायकोकडं पाहून मान हलवली.

“थांबू नको गं,” अव्वा म्हणाली. “चल की.”

अक्कांनी उजवीकडं बघितलं, आरसा बघितला, गाडी रस्त्यावर घेतली आणि अव्वाला घेऊन निघून गेल्या.